छापील पुस्तकांवरून ई-रीडरवर येताना: आधी यादी, मग फाइल, यंत्र सगळ्यात शेवटी

ई-रीडर घेतला, पंधरा दिवस कौतुकाने वापरला आणि आता तो ड्रॉवरमध्ये चार्जरच्या वायरीखाली पडून आहे. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: यंत्र आधी घेतलं की पुस्तकं आधी शोधली? उत्तर जवळजवळ दर वेळी एकच येतं. यंत्र आधी. मग कळतं, हवी असलेली निम्मी पुस्तकं त्या दुकानात नाहीत आणि उरलेल्यांतली बरीचशी पीडीएफमध्ये आहेत, जी त्या छोट्या पडद्यावर वाचवत नाहीत.

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात. ई-रीडर म्हणजे इथे ई-इंक पडद्याचं, म्हणजे छापील कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचं, फक्त वाचनासाठीचं यंत्र. टॅबलेटचा विषय वेगळा.

## पायरी १: गेल्या वर्षभरात खरंच काय वाचलंत ते लिहा

कागद घ्या. शेवटची वीस पुस्तकं लिहून काढा. वाचायची राहिलेली नकोत, वाचलेलीच. प्रत्येकापुढे एक अक्षर टाका.

स म्हणजे सरळ मजकूर: कादंबरी, कथा, चरित्र, आठवणी, लेखसंग्रह. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत जायचं.

च म्हणजे चित्रं, नकाशे, तक्ते, मोठी छायाचित्रं.

उ म्हणजे उलटसुलट चाळायचं पुस्तक: कोश, पाककृती, अभ्यासाची पुस्तकं, तळटिपांनी भरलेले ग्रंथ.

ई-रीडर ‘स’ साठी उत्तम, ‘च’ साठी सुमार आणि ‘उ’ साठी वैताग. कोशात बोट घालून एकदम पुढे जाणं, दोन पानांत दोन बोटं ठेवून तुलना करणं, हे त्यावर होतं पण फार हळू होतं. कवितासंग्रह मी मुद्दाम कुठल्याच खान्यात टाकत नाही. अक्षर मोठं केलं की कवितेची ओळ मध्येच तुटते, आणि कवीने तोडलेली ओळ कुठली आणि यंत्राने तोडलेली कुठली हे कळेनासं होतं. नमुना पाहूनच ठरवा.

तपासा: वीसपैकी बारापेक्षा कमी ‘स’ असतील तर इथेच थांबा. तुमच्यासाठी छापील पुस्तकंच बरी, किंवा मोठ्या पडद्याचं काहीतरी.

## पायरी २: प्रत्येक ‘स’ पुस्तकाची फाइल कोणत्या जातीची आहे ते पाहा

‘ऑनलाइन मिळतं’ एवढ्यावर कधीच समाधान मानू नका. कोणत्या रूपात मिळतं हा खरा प्रश्न आहे.

ईपब ही ई-पुस्तकांची नेहमीची फाइल; तिच्यातला मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडल्या जातात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचं गोठवलेलं रूप. ए४ आकाराचं पान सहा इंची पडद्यावर मावायला निम्म्याहून लहान व्हावं लागतं, आणि मग अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. मोठी करावीत तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. दहा मिनिटांत माणूस कंटाळतो.

पीडीएफच हाती असेल तर ती कोणत्या प्रकारची आहे ते कॉम्प्युटरवर पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली चाचणी: एखाद्या शब्दावर माउसने निवड करून पाहा. शब्द निवडला गेला तर आत खरा मजकूर आहे. निवडच होत नसेल किंवा अख्ख्या पानाचा चौकोन निवडला जात असेल, तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे.

दुसरी चाचणी मराठी वाचकांनी विसरायचीच नाही. एक ओळ कॉपी करून कॉम्प्युटरवरच्या नोटपॅडसारख्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट करा. मराठी ओळ जशीच्या तशी उमटली तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळी यंत्रं ओळखतात त्या प्रमाण अक्षरसंकेतात आहे. रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हांचा काला उमटला तर पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. पडद्यावर ते सुरेख दिसतं, कारण फॉन्ट पीडीएफच्या पोटात आहे. ईपब करायला गेलात की तोच काला पानोपानी उमटेल. रूपांतर फसल्याची खापरं लोक सॉफ्टवेअरवर फोडतात; दोष फाइलच्या जन्मातच असतो.

मोफत वाचण्यासाठी स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं शोधत असाल तर मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब रूपात उतरवता येतात, आणि इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. ‘सगळी पुस्तकं फुकट’ म्हणून फिरणाऱ्या लिंकांपासून लांब राहा. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय त्या फायली बहुधा वरच्या दोन्ही चाचण्यांत नापास होतात.

तपासा: वाहत्या मजकुराची किती पुस्तकं मिळाली? वीसपैकी दहासुद्धा नसतील तर खरेदी पुढे ढकला.

## पायरी ३: दुकान निवडा, कुलूप समजून घ्या

ई-रीडर विकत घेताना तुम्ही खरं तर दुकान निवडत असता. किंडल घेतलं की ॲमेझॉनचं दुकान, कोबो घेतलं की कोबोचं. दुसऱ्या दुकानातलं कुलूपबंद पुस्तक तुमच्या यंत्रावर सहसा उघडत नाही. कुलूप म्हणजे डीआरएम, फाइल दुसरीकडे उघडू किंवा कॉपी करू न देणारी सोय. पैसे भरून मिळतो तो वाचनाचा परवाना. पुस्तक विकता येत नाही, आणि मित्राला वाचायला देणंही छापील प्रतीसारखं सोपं नसतं.

बदलणारे नियमही लक्षात असू द्या. किंडलची विकत घेतलेली पुस्तकं वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलने चढवण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. त्याआधी ज्यांनी प्रती उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आहेत, बाकीच्यांचं भागतं ते दुकानाच्या भरवशावर.

पायरी २ मधली यादी काढा आणि कोणत्या दुकानात जास्त पुस्तकं आहेत ते मोजा. कुठलं यंत्र घ्यायचं हे त्या आकड्यावरून ठरतं. समीक्षांचे व्हिडिओ त्यानंतर पाहा.

## पायरी ४: यंत्र निवडा

इथे फार वेळ घालवू नका. चार गोष्टी पुरतात.

- पडद्याची घनता: इंचाला ३०० पिक्सेल. जुन्या, साध्या यंत्रांत ती १६७ असायची. रोमन अक्षरांना तेवढी चालून जाते. जोडाक्षरं, रफार, उकार एकमेकांवर रचलेल्या देवनागरीला नाही.
- आकार: फक्त कादंबऱ्या वाचणाऱ्याला सहा ते सात इंच. पीडीएफ टळणारच नसेल तर दहा इंचांच्या खाली पाहू नका.
- पिवळसर उजेडाची सोय: रात्री वाचणाऱ्यांनी घ्यावीच.
- साठवण: नुसत्या मजकुराचं पुस्तक साधारण एक-दोन एमबीचं असतं. ८ जीबीतही हजारो पुस्तकं मावतात. जास्त साठवणीसाठी जास्त पैसे फक्त ऑडिओ किंवा कॉमिक्स हवी असतील तरच.

आता देवनागरीची परीक्षा. कुणाचं तरी यंत्र दहा मिनिटं मागून घ्या आणि त्यावर ही ओळ उघडा:

*पुजाऱ्याने तिसऱ्या पायरीवर कुऱ्हाड ठेवली. उद्ध्वस्त वाड्यातल्या तत्त्वज्ञाने ऑफिसातून ॲल्युमिनियमची लगड आणली.*

अर्थाला काही अर्थ नाही, पण सगळे अवघड प्रसंग एका ओळीत आहेत. ‘पुजाऱ्याने’ मधला र चंद्रकोरीसारखा ‘य’ ला चिकटलेला हवा. त्याऐवजी खाली टिंब असलेला सुटा र आणि पाय मोडल्याची खूण दिसली तर फॉन्ट कच्चा आहे. ‘कुऱ्हाड’ मध्येही तेच. ‘उद्ध्वस्त’ आणि ‘तत्त्वज्ञ’ तुटून पसरले आहेत का ते पाहा. ‘ॲ’ च्या जागी रिकामा चौकोन आला तर त्या फॉन्टात ते अक्षरच नाही. शेवटी ‘लगड’ मधला ल मराठी वळणाचा आहे की हिंदी, हे डोळ्यांना खुपतं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मला खुपतं.

नापास झालं म्हणून लगेच निराश होऊ नका. किंडल आणि कोबो दोन्हींत ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपला फॉन्ट टाकता येतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ किंवा ‘मुक्ता’ मोफत मिळतात. फॉन्ट टाकून तीच ओळ पुन्हा तपासा.

सावधान: वापरलेलं यंत्र घेत असाल तर आधीच्या मालकाच्या खात्यातून ते समोर बसून काढून टाकायला लावा. ‘घरी गेल्यावर करतो’ चालणार नाही.

## पायरी ५: पहिली संध्याकाळ

क्रम असा: पूर्ण चार्ज, वायफाय, खातं, सॉफ्टवेअर अपडेट, मग मांडणी. पुस्तकं या संध्याकाळी चढवायचीच नाहीत, फार तर एक.

मांडणीत तीन गोष्टी बदला. पहिली, ओळींमधलं अंतर एक घर वाढवा, कारण मूळ मांडणी रोमन लिपी धरून केलेली असते आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. दुसरी, दोन्ही कडा सरळ करणारी मांडणी बंद करून मजकूर डावीकडे लावा. मराठीतले लांब शब्द ओळीत न मावता खाली उतरले की उरलेल्या शब्दांमध्ये खिंडारं पडतात. तिसरी, आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहत असेल तर दर पानाला पडदा ताजा करण्याचा पर्याय सुरू करा.

पडद्याचा उजेड दिवसा शून्यावर आणा. ई-इंकला पान स्थिर असताना वीज लागत नाही, पान बदलतानाच लागते. बॅटरी खातात ते दिवा आणि वायफाय. वाचताना विमान मोड ठेवा. मात्र फोनवरही तेच पुस्तक वाचत असाल तर जागा जुळवायला अधूनमधून वायफाय लावावं लागेल.

सावधान: बहुतेक ई-इंक पडद्यांत मागे पातळ काच असते. वरून ओरखडाही न दिसता आतून ती तडकते. माझं पहिलं यंत्र बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी होतं, बाटलीचं टोपण चार-पाच तास त्यावर रुतलेलं. संध्याकाळी काढलं तेव्हा खालच्या अर्ध्या पडद्यावर सकाळचंच पान होतं आणि वरच्या अर्ध्यात नुसत्या उभ्या रेघा. कडक पाठीचं कव्हर यंत्राबरोबरच घ्या.

## पायरी ६: पुस्तकं चढवा, पाच-पाच करून

पहिल्या रात्री मी आठशेच्या वर फायली एकदम कोंबल्या. दुसऱ्या दिवशी बॅटरी दुपारीच संपली, पान उलटायला तीन सेकंद लागू लागले. यंत्र बिघडलं म्हणून परत करायच्या तयारीत होतो. प्रत्यक्षात ते प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची शोधसूची बनवत बसलं होतं, आणि एका फुटक्या फाइलपाशी अडकलं होतं. आठशेतली ती एक हुडकायला रविवार गेला. पाच-पाच चढवली असती तर पाचांतली एक हुडकायची होती.

६.१ कॉम्प्युटरवर कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं आणि त्यांचं रूपांतर करायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. सगळ्या फायली आधी त्यात आणा.

६.२ पाठवण्यापूर्वी नाव आणि लेखक दुरुस्त करा. एकच लेखक एकदा आद्याक्षरांसह, एकदा पूर्ण नावाने आणि एकदा रोमन लिपीत असेल तर यंत्र त्याला तीन माणसं समजतं. नावं कॅलिबरच्या आतूनच बदला. त्याच्या फोल्डरमध्ये जाऊन फायलींची नावं हाताने बदललीत तर त्याला त्या सापडणार नाहीत.

६.३ कोबोवर ईपब केबलने थेट चालते. किंडलच्या फोल्डरमध्ये ईपब नुसती टाकली तर ती यादीत दिसतच नाही. ती ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सेवेमार्गे पाठवा, वाटेत तिचं रूपांतर होतं. इमेलने ५० एमबीपर्यंत, वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत. मोबी ही जुनी जात या मार्गाने आता घेतली जात नाही. कॅलिबरमध्ये तिची ईपब करून घ्या.

६.४ इमेलने पाठवलेलं पुस्तक पोचलंच नाही, तर आधी खात्यातली मंजूर पत्त्यांची यादी पाहा. ज्या इमेलवरून पाठवलंत तो त्यात नसेल तर पुस्तक तुमच्या ग्रंथालयात येतच नाही.

६.५ केबलने चढवत असाल आणि कॉम्प्युटरला यंत्र दिसत नसेल, तर केबल बदला. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाही. २०२४ च्या किंडल यंत्रांना मॅकवर फायली पाहण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करूनच वायर काढा. तसं न करता वायर ओढणं हाच फुटक्या फायली जन्माला येण्याचा राजमार्ग आहे.

तपासा: पाचही पुस्तकं उघडा. प्रत्येकाचं पहिलं, मधलं कुठलं तरी आणि शेवटचं पान पाहा. अनुक्रमणिकेतल्या प्रकरणावर बोट ठेवल्यावर तिथेच जातं का? मगच पुढची पाच.

केबलने टाकलेलं पुस्तक किंडलवर फोनशी जुळत नाही. ‘सेंड टू किंडल’ने पाठवलेलं जुळतं. दोन्हीकडे वाचायची सवय असेल तर मार्ग त्याप्रमाणे निवडा.

## पायरी ७: पीडीएफ टळतच नसेल तर

कॉम्प्युटरवर समास कापून घ्या. यंत्र आडवं धरा, म्हणजे पानाची रुंदी पडद्याच्या लांब बाजूत बसते आणि एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचता येतं. पायरी २ च्या दोन्ही चाचण्यांत पास झालेली पीडीएफ असेल तर कॅलिबरमधून ईपब करून पाहा. पानाचे आकडे आणि शीर्षकं मजकुरात घुसतील, काही परिच्छेद मध्येच तुटतील. कादंबरीत तेवढं सहन होतं. दोन रकान्यांची पीडीएफ असेल तर प्रयत्नही करू नका.

## पायरी ८: पहिलं पुस्तक विचार करून निवडा

नवं यंत्र घेतलं की लोकांना वर्षानुवर्षं राहिलेला नऊशे पानी ग्रंथ आठवतो. तो जो कपाटात संपला नाही तो यंत्रातही संपणार नाही, आणि दोष यंत्राला लागेल. पहिलं पुस्तक दोनशे पानांच्या आतलं, रहस्य किंवा प्रवास असं ओढून नेणारं घ्या. दुसरं आवडत्या लेखकाचं. पहिली दोन पुस्तकं संपेपर्यंत तिसरं उघडायचं नाही, कारण एका बोटाच्या अंतरावर शंभर पुस्तकं असली की दहा-दहा पानं चाखून सोडायची सवय फार लवकर लागते.

‘या प्रकरणाला अजून १४ मिनिटं’ असं दाखवणारी तळओळ बंद करा. निदान मला तरी ती परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी वाटते. टक्के पुरतात. छापील पुस्तकात ‘डाव्या पानावर, खालच्या बाजूला’ अशी जी आठवण राहते ती इथे राहत नाही, कारण अक्षराचा आकार बदलला की पानंच बदलतात. नावं-नाती लक्षात ठेवायची असतील तर पात्र पहिल्यांदा येईल तिथे खूण करा. नंतर शोध सुविधेपेक्षा ती यादी लवकर कामाला येते.

## पायरी ९: खुणा आणि टिपा वाचवून ठेवा

किंडलवर केलेल्या खुणा आतल्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमधल्या ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठत जातात. महिन्यातून एकदा ती कॉम्प्युटरवर कॉपी करा. यंत्र हरवलं किंवा मूळ स्थितीला आणलं की ती फाइल जाते. कॅलिबरचं पूर्ण फोल्डरही एखाद्या बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

लांब टिपा यंत्रावर लिहू नका. ई-इंकवरचा कीबोर्ड अक्षरामागून अक्षर इतक्या संथपणे उमटवतो की विचार निसटतो. शेजारी वही ठेवा.

## पायरी १०: कपाट आवरायची घाई नको

सहा महिने एकही पुस्तक देऊ नका. लोक पहिल्याच महिन्यात उत्साहाने खोकी भरतात आणि मग तीच पुस्तकं शोधत बसतात. सहा महिन्यांनी प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारा: ई-प्रत माझ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहिली आहे का? नुसती ‘दुकानात मिळते’ धरायची नाही. यात कुणाच्या हातच्या खुणा, अर्पण, सही आहे का? आणि हे ‘च’ किंवा ‘उ’ मधलं आहे का? पहिल्याला होय आणि उरलेल्या दोन्हींना नाही असेल तरच ते खोक्यात जाईल.

खोकं भरल्यावर ते महिनाभर घरातच ठेवा. या काळात ज्या पुस्तकासाठी खोकं उघडावं लागलं, ते परत कपाटात.

आणि देण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक कणा धरून उलटं करून झटका. माझ्या पहिल्या खोक्यातल्या एकवीस पुस्तकांतून बसची दोन तिकिटं, एक न भरलेला फॉर्म आणि तीन वर्षं शोधत असलेली फ्रिजची पावती पडली. फ्रिजची वॉरंटी तोवर संपली होती.